वेंधळीचा टप्पा

आमच्या शहरात नदीच्या दोन्ही काठांनी बागा आहेत आणि त्या बागांना ओवत जाणारी एक पायवाट आहे. अलीकडच्या काठाने वर जायचं, लाकडी पुलावरून पलीकडे उतरायचं, त्या काठाने खाली यायचं आणि लोखंडी पुलावरून पुन्हा आपल्या काठाला लागायचं. दर अर्ध्या किलोमीटरला एक दगडी खुंट. सहा या काठाला, सहा त्या. ही पायवाट बेचाळीस वर्षांपूर्वी मी कागदावर आणली. मी बागखात्यात नकाशे काढायचे.

कागदावर मी आणली असं म्हटलं, कारण जमिनीवर ती आणणारी वेगळी होती. माझी थोरली नणंद. यांच्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, आमच्याच घरात राहणारी. खात्यात हंगामी मोजणीदार म्हणून लागली होती. मोठे साहेब टेबलावर पट्टी ठेवून सरळ रेघा ओढायचे. वन्सं त्यांना एकदा तोंडावर म्हणाल्या, "साहेब, माणूस पट्टीवरून चालत नाही. एक वर्ष नुसतं गवत राहू द्या. कुठून चालायचं ते लोकांचे पाय सांगतील. मग तिथं फरसबंदी घाला." साहेबांनी ऐकलं ही त्या काळातली नवलाईच. वर्षभर आम्ही दोघी गवतात उमटलेल्या वाटा बघत हिंडलो. पाण्यावर वाकलेल्या झाडाला वळसा घालून वाट का जाते, आणि बाकापाशी ती एकदम फुगते कशी, हे वन्सं मला दाखवायच्या. "इथं बाया थांबून बोलतात, वहिनी. बघ, टाचांचे खड्डे." अजूनही त्या पायवाटेवर एकही वळण उगीच नाही. लोक म्हणतात चालताना थकवा येत नाही. तो नकाशाचा गुण नव्हे.

मग वाट ठरली आणि मोजणी आली. वन्संकडे मोजचाक असायचं. लांब दांडा, खाली सायकलीसारखं एक चाक, दांड्यावर आकडे फिरणारी डबी. त्या चाक ढकलत पुढे, मी मोजणीवही आणि पेन्सिल घेऊन मागे. चौथ्या आणि पाचव्या खुंटाच्या मध्ये जुना दगडी पूल आहे. तिथे वाट पायऱ्या उतरून पुलाखालून जाते आणि पलीकडे पायऱ्यांनीच पुन्हा चढते. पायऱ्यांवर चाक चालत नाही, ते उचलून न्यावं लागतं आणि डबीतले आकडे थांबतात. म्हणून तेवढा भाग फीत धरून वेगळा मोजायचा आणि नंतर बेरजेत मिळवायचा, अशी रीत होती. वन्संनी फीत धरली. तीस, तीस, तीस आणि सहा. पुलाखाली आवाज घुमतो. "शहाण्णव!" त्या ओरडल्या आणि कमानीने तो आकडा दोनदा परत दिला. मी तो वहीच्या समासात लिहिला.

मला सातवा महिना होता. पुढे घरी बसून मी शाईने पक्का तक्ता केला, तेव्हा समासातला आकडा मिळवायचा राहिला. यात कुणाचा काही डाव नव्हता. राहिला, एवढंच.

खुंट बसले, पायवाट सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात एक निवृत्त कवायतमास्तर खात्यात येऊन थडकले. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत, कारण ते हातात स्टॉपवॉच धरून चालायचे.

"मला प्रत्येक खुंटाला सहा मिनिटं लागतात," ते साहेबांना म्हणाले. "फक्त चौथ्यापासून पाचव्याला सात लागतात. तेवढ्यात माझं वय वाढतं का?"

सगळी कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. महापौरांनी फीत कापलेली, वर्तमानपत्रात 'अचूक सहा किलोमीटर' असं छापून आलेलं. खुंट दगडी, खाली काँक्रीट. ते म्हणाले, "उद्या वही घेऊन या. दोघी या."

मी वही कपाटातून काढली. दुपारची वेळ होती, आमच्या खोलीत कुणी नव्हतं. पान उघडलं आणि समासात माझ्याच अक्षरातला शहाण्णव माझ्याकडे बघत होता. मला आजही ती पेन्सिल दिसते, टोक जरा बोथट झालेलं, नवाचं पोट जाड आलेलं. खोडरबर नकाशावाल्यांच्या हाताशीच असतं. मी विचार केला असंही म्हणता येणार नाही. हात गेला, रबर फिरलं, मी फुंकर मारली. चुरा टेबलावरून झाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही उभ्या. साहेबांनी विचारलं, "पुलाखालचं मोजलं होतं की नाही?"

"मोजलं," वन्सं म्हणाल्या. "मी फीत धरली होती. आकडा ओरडून सांगितला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वहीत नोंद नाही."

तीन शब्द. खोटं एकही नव्हतं त्यांत, कारण तेव्हा खरंच नव्हती. वन्संनी हात पुढे केला, वही घेतली, पान बघितलं. अंगठा समासावरून एकदा फिरवला. मग वही मिटून साहेबांच्या टेबलावर सरळ ठेवली, कडेला कड जुळवून.

"अहो, काय हा वेंधळेपणा!" साहेब म्हणाले. "अख्ख्या शहरासमोर खात्याचं नाक कापलंत."

त्या वर्षी वन्सं कायम व्हायच्या होत्या. महिनाअखेर त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. कचेरीतल्या भिंतींना कान असतात आणि तोंडंही. चार दिवसांत घड्याळकाकांपासून फुगेवाल्यापर्यंत सगळे त्या तुकड्याला वेंधळीचा टप्पा म्हणू लागले. "दम खा रे, वेंधळीचा टप्पा आला!" चालणाऱ्यांची ती गंमतच झाली. मुलं पुलाखाली 'वेंधळीऽऽ' म्हणून ओरडायची, कमान परत द्यायची.

घरात यांनी एकदाच विचारलं, "ताई असं विसरणारी नाही. नक्की काय झालं गं?" मी म्हणाले, "माणूसच आहे, होतं." वन्सं बाळंतपण होईपर्यंत राहिल्या. मुलाला पहिली आंघोळ त्यांनीच घातली. सव्वा महिना झाला त्या दिवशी ट्रंक उचलली आणि नदीपलीकडे चष्म्याच्या दुकानावर एक खोली घेऊन राहिल्या. खाली दुकानाच्या मागच्या अंगाला काचा घासायचं काम मिळालं. डोळ्यांना नीट दिसेल अशी काच घासायची, बोटांनी कड तपासायची. यांना भेटायला त्या कधीमधी यायच्या, मुलावर जीव होता. माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच.

एकदा मी धीर करून त्या दुकानात गेले. त्यांनी मान वर केली. "नंबर काय?" म्हणाल्या. मी म्हणाले, "वन्सं, मी..." "नंबर काढला नसेल तर आधी डॉक्टरकडे जा," म्हणाल्या आणि पुन्हा काच घासू लागल्या. मी परत आले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

हे गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा मी रोज सकाळी पायवाटेवर जाऊ लागले. साडेसहाला पहिल्या खुंटापासून. पलीकडे सातव्या खुंटापासून त्याच वेळी वन्सं निघत. दोघी खुंटांच्या क्रमाने, एकाच दिशेने. त्यामुळे आमची समोरासमोर गाठ पडायची नाही. मी या काठाने वर जात असे तेव्हा त्या त्या काठाने खाली येत. कुठेतरी मध्यावर नदी मधे ठेवून आम्ही एकमेकींना ओलांडायचो. मग काठांची अदलाबदल आणि पुन्हा एकदा तेच. रोज दोनदा. नऊ वर्षं. त्यांची उंच काठी आणि करडी टोपी मी पाण्यावरून ओळखायचे. त्यांनी कधी मान वळवली नाही.

मुलगा म्हणायचा, "आई, तुझं आणि आत्याचं नक्की काय बिनसलंय? दोघी एकाच वाटेला, एकाच वेळेला, आणि बोलत नाही! शाळेतल्या मुली बऱ्या." मी म्हणायचे, "तू तुझं बघ."

या वर्षी बागखात्याने पायवाट नव्याने करायला घेतली. खात्यातली एक तरुण अधिकारी घरी आली. गोड मुलगी, बूट दाराशी नीट जोडून ठेवले, मांडीवर संगणक उघडला.

"आजी, आता आम्ही उपग्रहावरून मोजलंय. चौथ्या-पाचव्यात बरोबर शहाण्णव मीटर जास्त आहेत. पण खुंट आम्ही हलवणार नाही. लोकांचं प्रेम आहे हो त्याच्यावर! उलट तिथं पितळी पाटी लावतोय. हे बघा."

पडद्यावर पाटीचं चित्र होतं. वर ठळक अक्षरांत 'वेंधळीचा टप्पा', खाली बारीक अक्षरांत, एका विसराळू मोजणीदारणीने पुलाखालचं अंतर मोजायचंच सोडलं, म्हणून हा टप्पा लांब झाला, अशी हकीकत. शेवटी एक हसरा चेहरा. दुसऱ्या पाटीवर माझा तरुणपणीचा फोटो, 'पायवाटेची जननी' म्हणून.

"उद्घाटनाला तुम्हीच दोन शब्द बोलायचे," ती म्हणाली. "ती मोजणीदारीण कोण होती, आठवतं का? कुणाला नावच माहीत नाही."

"माझी नणंद," मी म्हणाले.

"अय्या! आहेत अजून?"

"आहेत."

"मग त्यांनाही बोलवू! केवढी मजा येईल!"

बोलण्यातली थट्टा विरून जाते. बोलणारे मरतात, मुलं मोठी होतात. पितळ मात्र आमच्या दोघींच्या मागेही राहणार होतं. वन्सं रोज त्या पुलाखालून जाणार, आणि एकदा त्या गेल्या की त्यांचं म्हणून या शहरात तेवढंच उरणार. पाटी लागायला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या खुंटापाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटी वळले. लोखंडी पुलावरून पलीकडे, बारावा खुंट, अकरावा, दहावा. येणारे-जाणारे ओळखीचे लोक म्हणत होते, "आजी, आज गंगा उलटी?" नवव्याच्या थोडं अलीकडे वाट अरुंद आहे. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली बदकं. तिथे समोरून करडी टोपी आली.

त्या थांबल्या. जवळून पाहिलं तर केवढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला वाटतं त्यांनाही तसंच वाटलं असेल.

"वाट चुकलीस का गं वहिनी?" त्या म्हणाल्या.

"नाही वन्सं. तुमच्याशीच बोलायचंय."

"बोल. पण उभ्याने बोल, बसले की माझा गुडघा रुसतो."

मी घरून मनाशी घोकून आलेलं सगळं विसरले. म्हणाले, "तो आकडा मी लिहिला होता. समासात. बेरजेत घ्यायचा राहिला. आणि नंतर... नंतर मी तो खोडला."

खाली एक बदक पाण्यात डोकं घालून पुन्हा वर आलं. वन्सं त्याच्याकडे बघत होत्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, पेन्सिल दाबून लिहायची खोड तुझी. कागदावर चर पडतो. साहेबांच्या खोलीतच अंगठ्याला लागला होता. नवाचं पोट पण कळलं." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. "त्या वेळी तर काचांची सवयही नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या पोटाकडे बघितलं. म्हटलं, आज नको. घरी आल्यावर ही आपणहून सांगेल. मग म्हटलं, बाळंतपण होऊ दे. मग म्हटलं, सव्वा महिना होऊ दे." त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "मी नुसतं गवत राखून बघत होते, वहिनी. पाय उमटतात का म्हणून."

मला रडू आलं. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हे बघ, रडायला दोघी म्हाताऱ्या आहोत, लोक धावत येतील. मला कशाला सांगत आलीस? मला तर ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

"सांगते, वन्सं. आजच खात्यात जाते. ती पाटी लागू देत नाही."

"बघू," म्हणाल्या. आणि कठड्याला टेकून मला जायला वाट करून दिली. ओलांडताना त्यांचा हात माझ्या दंडाला लागला. लागला की लावला, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

मी तशीच खात्यात गेले. इमारत तीच, फक्त आमच्या खोलीत आता काचेचे कप्पे. त्या मुलीने चहा मागवला. मी सगळं सांगितलं, समास, पेन्सिल, रबर. ती हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"किती मोठं मन हो तुमचं, आजी!" ती म्हणाली. "नणंदेला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय!"

"अगं बाई, घेत नाहीये. माझंच आहे."

तिने उठून कपाटातून मोजणीवही आणली. जुन्या कागदांची नीट काळजी घेतात आता. प्रत्येक पान दोन पारदर्शक पापुद्र्यांत चिकटवून टाकलेलं. मी ते पान काढलं. समासावर अंगठा फिरवला. काचेसारखं गुळगुळीत. उजेडात तिरपं धरलं, तर दिव्याचं प्रतिबिंब तेवढं दिसलं.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. हलक्या आवाजात, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "वहीत नोंद नाही, आजी."

उद्घाटनाच्या दिवशी पुलाशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. कर्णा लावला होता. मुलगा, सून, नात पहिल्या रांगेत. त्या मुलीने भाषण केलं आणि शेवटी म्हणाली, "एक गुपित सांगते. या आजी परवा आमच्याकडे आल्या होत्या. कशासाठी? तर बेचाळीस वर्षांपूर्वी नणंदेकडून झालेली चूक स्वतःच्या नावावर घ्यायला! अशी माणसं आता कुठे मिळतात?"

टाळ्यांचा पाऊस पडला. माझा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचा चेहरा भरून आला होता. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं, आईच चांगली होती, असा. नात ओरडली, "आजीऽऽ!" ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला.

आता सांगायचं होतं. शब्द घोकलेले होते: खोडला मी. एवढेच दोन. समोर दीडशे माणसं हसऱ्या चेहऱ्यांनी बसलेली. मी मुलाकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या काठाकडे माझी नजर गेली. कठड्याशी करडी टोपी होती. कर्ण्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ जातो, हे त्या वाटेची मोजणी केलेल्या बाईला मी सांगायला नको.

मी म्हणाले, "मी काही विशेष केलं नाही."

पुन्हा टाळ्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "विनय बघा!" पाटीवरचं फडकं ओढलं गेलं. पुन्हा पलीकडे पाहिलं तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मुलगा पाया पडला. म्हणाला, "मी तुला उगाच बोलायचो. आत्यानेच समजून घ्यायला हवं होतं." मी त्याला उठवलं. तेव्हा तरी बोलायचं. वय सत्तरीच्या पुढचं, आता मला कुणाची भीती होती? पण सून हलवा घेऊन आली आणि मी वाटी हातात घेतली.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा उलटी निघाले. पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. लोखंडी पूल, बारावा, अकरावा, दहावा. नवव्याजवळच्या अरुंद जागी कुणी आलं नाही. मी कठड्यापाशी थांबले आणि सहज समोर पाहिलं. माझ्या काठावर, जिथे त्यांनी असायला नको होतं तिथे, करडी टोपी उलट्या दिशेने चालली होती. मी वळेन हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून त्याही वळल्या होत्या. पुन्हा आम्ही दोघी एकाच दिशेने, आणि मधे नदी.

त्या दिवसापासून आम्ही दोघी उलट्याच चालतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांची काहीतरी लहर. सुरुवातीला मधलं अंतर पूर्वीसारखंच राहायचं. पण वन्संचा गुडघा आता साथ देत नाही, आणि माझे पाय अजून बरे आहेत. महिन्यामागून महिने मी त्यांच्या मागून जवळ येत चाललेय. हल्ली पाचव्या खुंटापाशी आले की पुढे पुलाच्या पायऱ्या उतरणारी त्यांची पाठ दिसते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. पितळी पाटीशेजारून त्या खाली उतरतात. मी चार पावलं भराभर टाकली तर पुलाखाली गाठेन.

पाचव्या खुंटाजवळ एक बाक आहे. मी त्यावर बसते. त्या पुलाखालून जाऊन पलीकडे वर येतात, मग झाडाआड होतात. मग मी उठते.